ओट्याकडं तोंड केलेला कॅमेरा

बाई, तुमच्या किचनमधी कॅमेरा मीच लावला. शाळेत खोड्या करून तुमचं डोकं उठवणारा मी आता सावेडीत एका दुकानात कामाला हाय, घरोघरी कॅमेरे बसवतो. तुमच्या मुलाचा पुण्यावरनं फोन आला, "पप्पा भिंगारला एकटेच असतात, कॅमेरा बसव. किचनमध्ये. तोंड ओट्याकडं." तवाच मनात पाल चुकचुकली. चोर येणार तो दारातनं नायतर खिडकीतनं. किचनमधी येऊन काय नेणार, कोथिंबीर? मी म्हनलं, "दादा, दाराला लावू का?" तर म्हणतात, "सांगितलंय तिथं लाव." मला वाटलं, ह्यांना चोर बघायचाच न्हाई, बाप बघायचाय. काकांचा हात कुठं चुकतोय ते धरायचं, मग "तुम्हाला एकट्याला जमत नाही" म्हणून पुण्याला न्यायचं आन् घर विकून मोकळं व्हायचं. शेजारची मावशी पण हेच म्हणत हुती. पण ती काय, स्वतःच्या सावलीला पण इचारंल, तुला कुणी धाडलं.

काकांनी दार उघडलं आन् मला वरपासनं खालपर्यंत बघितलं. "कुणी धाडलं?" मी म्हनलं, "दादांनी." "चोरासाठी व्हय?" मी नुसती शिडी उघडली. ते शिडी धरून उभे राहिले. जन्म वर्कशॉपात गेलेला माणूस, स्क्रू तिरका जातोय हे खालनंच सांगितलं. मला ते किचन ठाऊक हुतं बाई. सातवीत मी शाळेच्या बेलची वायर जोडली, तास चालू असतानाच बेल, आख्खी शाळा दप्तरं घेऊन गेटाबाहेर. तुमी माझा कान धरून मला घरी नेलं. मी मार खायच्या तयारीत, तर तुमी वह्या तपासत बसलात आन् काका भाकरी थापतायत. बाप्या माणूस भाकरी थापताना मी पयल्यांदाच बघितला, फिस्कन हसलो. तुमी वहीतनं डोकं वर न काढता म्हनलात, "हसू नको. मला जमत नाही, त्यांना जमतं. तुला बेल वाजवता आली ना, मग बंद करायलाही शिक." जाताना काकांच्या पेटीतला टेस्टर मला दिलात. घरी आई म्हनली, कुठनं चोरलास?

तर त्या कॅमेऱ्याला स्पीकर असतो, हे काकांना कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी विहारातनं वंदना करून येतात, भाकरी तव्यावर टाकतात, आन् भिंत बोलती, "पप्पा, बाही सांभाळा, पेटेल." भाकरी खाली. मग एक दिवस, "पप्पा, दूध बघा." मग, "पप्पा, एवढं मीठ?" काकांनी पिठाचा हात तसाच उचलला आन् कॅमेऱ्याच्या तोंडावरनं फिरवला. पुण्यात दादांना मोबाईलवर सगळं पांढरं. त्यांनी मावशीला फोन लावला, "घरात धूर झालाय, पळा!" मावशी बादली घेऊन घुसली. काकांवर, परातीत, तव्यावर, सगळीकडं पाणी. मी आठवडाभर हसलो असतो, पण दुपारी काकांचा फोन, "तू लावलंस, तू काढ." मी पोचलो तर दादांची गाडी उभी, डिकी उघडी आन् सिलिंडर अंगणात. दादा म्हणतायत, "आजपासून डबा येईल. नाहीतर चला पुण्याला."

मी काकांना हळूच म्हनलं, "ओट्याचा फोटो काढतो आन् कॅमेऱ्यापुढं चिकटवतो. दादांना दिवसभर ओटाच दिसंल, तुमी खुशाल भाकरी थापा." काका म्हनले, "माझ्याच घरात मी चोरून भाकरी खाऊ व्हय रं?" मग मला राहवलं न्हाई, मी दादांना तोंडावरच म्हनलं, "घर विकायचंय ना तुमाला?" दादा म्हनले, "घर घेऊन काय करू? आई ह्याच ओट्यापाशी पडली. मला कळलं तेव्हा सगळं संपलं होतं. मीटिंगमध्ये पण मोबाईल बघत असतो मी, पप्पा उभे आहेत का म्हणून." बाई, त्यांची नियत खोटी निघाली असती तर भांडायला बरं पडलं असतं. काका दाराला टेकून उभे हुते. म्हनले, "ती पडली तवा मी हितं हुतो. नुसता बघत नव्हतो, धरलं हुतं तिला. तरी गेली. तू पुण्यातनं काय धरणार?" मग म्हनले, "दाराला लाव. आलो गेलो दिसंल तुला. भाजलं तर हात माझा हाय. मीठ किती टाकायचं ते पण माझं." दादा अंगणात गेले. सिलिंडरला हात घातला, मला वाटलं, चालला आता डिकीत. तर उचलून आत नेला. रेग्युलेटर काय त्यांना बसंना. काकांनी बसवला.

कॅमेरा मी दारावर नेला. एवढं झालं तरी माझा दादांवर पुरता भरवसा न्हाई. बसवताना आमी आधी आमच्या मोबाईलवर जोडून बघतो, मग गिऱ्हाइकाचा जोडून आपला काढतो. तुमच्या घराचा कॅमेरा मी माझ्या मोबाईलवरनं काढलाच न्हाई. म्हनलं, दादा परत आत वळवून घेतात का, बघावं. आता रोज चहाच्या आधी बघतो, काका विहारात निघाले का. परवा निघाले न्हाईत, तर मी गाडी काढून तडक भिंगारला. काकांनी दार उघडलं, तोंडात ब्रश. "मी उठलो न्हाई हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हनलं, "सहज आल्तो." त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग वर कॅमेऱ्याकडं. तुमी गेल्यावर हे पत्र धाडणार कुठं, आन् ठिवलं तर कधीतरी काकांच्या हाती लागंल, म्हणून फाडून टाकीन. त्यांना एकदा इचारायला पायजे, मी बघू का म्हणून. ते न्हाई म्हणतील, हे मला पक्कं ठाऊक हाय. म्हणूनच इचारलं न्हाई.