पहारेकऱ्याचा कोट चिनीत उतरवताना

प्रिय मावशी,

वाकून नमस्कार (मनातल्या मनात, खुर्चीत बसून बसून पाठ धरली आहे). काकांची दाढ काढली का, आणि काढल्यावर तरी ते जरा गोड बोलतात का, ते कळव. मी मजेत आहे, असं आईला सांगितलंय. तुला खरं सांगते.

आमच्या भाषांतराच्या ऑफिसात मला एका इंग्रजी कादंबरीचं पहिलं प्रकरण चिनीत करायला दिलंय. जमलं तर नोकरी कायम, नाहीतर आपल्या घरातली पहिली पदवीधर पदवीसकट घरी परत. मुलाखतीत मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, मी दोन संस्कृती जोडणार. मावशी, सध्या माझ्याकडून दोन वाक्यं जोडली जात नाहीयेत.

प्रकरण तसं साधं. म्हातारा पहारेकरी घरी येतो, कोट काढतो, किल्ली टेबलावर ठेवतो, मुलीची वाट बघतो. इंग्रजीत पावलोपावली 'त्याने', 'त्याचा', 'आणि', 'कारण'. लेखकाचा एकही शब्द बुडवायचा नाही म्हणून मी ते सगळे चिनीत नेऊन बसवले. आमच्या तपासनीस बाई जन्माने चिनी (ऑफिसात त्यांना 'लाल पेन' म्हणतात, अर्थात त्या बाहेर गेल्यावर). त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हा एरवी दुसऱ्याचा कोट घालून फिरतो का?" चिनीत म्हणे माणूस एकदा दारातून आत आला की पुढची कामं त्याचीच, दर वेळी त्याला हाक मारायला नको. आणि आधी घडलेलं आधी सांगितलं, की 'कारण'ही बऱ्याचदा लागत नाही.

मला हे इतकं पटलं (माझं पटणं तुला ठाऊकच आहे, मागचापुढचा विचार नाही) की दुसऱ्या दिवशी मी सगळे 'तो', 'ती' आणि 'कारण' वेचून फेकून दिले. पान कसं झाडून काढल्यासारखं स्वच्छ! फक्त मधेच मुलगी घरात येते, ती त्या केरात गेली. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुझा म्हातारा कोट काढतो, किल्ली ठेवतो, मग बाहेरून आत येतो आणि स्वतःच्याच गळ्यात पडून रडतो." शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक हसून हसून ठसकला. त्याला पाणी मीच नेऊन दिलं.

आता थोडं कळलंय. वाचणाऱ्याचा हात धरून चालायचं. सारखा ओढायचा नाही, आणि नवं माणूस आलं की सोडायचा नाही. कळलंय खरं, पण कागदावर उतरायला वेळ हवा.

तुझी,
अजून कच्चीच असलेली भाची

ता. क. मुदत उद्या संपत होती. साहेबांसमोर "जमत नाही" म्हणवेना, म्हणून तोंडातून निघून गेलं की मावशी अत्यवस्थ आहे. (तत्त्वांबद्दल आपण नंतर बोलू.) आठवडा वाढवून मिळाला. त्यांचा फोन आला तर कृपा करून जरा खोक.

आणखी एक. फोन येणार नाही. साहेब हळवे निघाले. रविवारी स्वतःच तुला बघायला येताहेत, लाल पेनबाईंना घेऊन. अंथरूण घालून ठेव. तुला काय झालंय ते काकांशी बसून ठरव, पण दोघांचं सांगणं जुळू दे गं. त्या बाईंना तुटलेला धागा लगेच दिसतो.