सभेला जायचा नकाशा

१ मार्च, शुक्रवार. सकाळी ८.
आजपासून दारू बंद. कायमची. बायको, झूरा, भावाकडे तलासला निघून गेल्याला बारा दिवस झाले. तिची अट एकच: दारू सोडणाऱ्यांच्या सभेला २१ तारखेच्या नवरोजच्या आत एकदा जायचं आणि शेवटपर्यंत बसायचं. मग ती परत येणार. एकदाच ना? किरकोळ काम.

रात्री ८.
सभा सापडली नाही. पत्ता म्हणे 'दवाखान्याच्या मागे'. दवाखान्याला मागे तीन बाजू आहेत! अख्ख्या बिश्केकमध्ये धड पत्ता सांगणारा माणूस नाही. थंडी मरणाची. शंभर ग्रॅम व्होडका घेतली, औषध म्हणून.

५ मार्च.
सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तो काय उगाच? शहरातल्या चारही सभांचा नकाशा काढतोय. मिनीबसचे नंबर, निसरड्या पायऱ्या, चावरा कुत्रा, सगळं. दवाखान्याच्या तळघरापर्यंत जाऊन आलो. आत लोक चक्क हसत होते. गेलो नाही. आज फक्त पाहणी होती.

८ मार्च, शुक्रवार.
महिला दिन. बायकांच्या सन्मानाचा प्याला नाकारणारा पुरुष अजून जन्मायचाय. पहिला झूराच्या नावाने घेतला. पुढचेही.

१२ मार्च.
खालच्या मजल्यावरची साबिरा रडत आली. तिचा नवरा मिर्लान पिऊन मिनीबस चालवतो. नकाशा दिला. मिर्लानला बजावलं, शुक्रवारी गेलाच पाहिजेस, सबबी नकोत. लोकांना सबबी फार लागतात.

१५ मार्च, शुक्रवार.
गेलो! दारात माझा जुना विद्यार्थी कुबात चहा ओतत होता. म्हणाला, सर, या ना, उभे का? इथे नाव सांगायचं नसतं म्हणे. पण आमच्यात चहा हातात यायच्या आत गाव, बाप, आजोबा, सात पिढ्या विचारून होतात. आणि हा तर मला फळ्यासमोर पाहिलेला. लाज वाटली, फार. म्हटलं, नकाशा बरोबर आहे का बघायला आलोय. त्याने वीस प्रती मागितल्या. दारातूनच परतलो, घरी येऊन बाटली संपवली.

१९ मार्च, मंगळवार.
आज मंगळवारची सभा. मिर्लान चार दिवस कोरडा आहे! नकाशाखालच्या माझ्या नंबरवर अनोळखी लोक फोन करून रस्ता विचारतात. तिघांना पाठवलं. दुपारी झूराचा फोन. आज जाणार का? म्हटलं, म्हणजे काय, नक्की! पण नारिनहून चुलतभाऊ आला, बाटली घेऊन. पाहुण्याला एकट्याला कसं पिऊ द्यायचं?

२१ मार्च. नवरोज.
घर झाडलं, चादरी बदलल्या. दिवसभर खिडकीत. कोणी आलं नाही.

२२ मार्च, शुक्रवार. सकाळी ९.३०.
झूराचा फोन. मंगळवारी ती इथेच होती. साबिराने नकाशाचा फोटो पाठवला होता, तो बघत तळघरात पोचली. शेवटपर्यंत बसली, दाराकडे बघत. कोणी तरी विचारलं, एवढा छान नकाशा कोणाचा? म्हणाली, माझ्या नवऱ्याचा. मग ते कुठे आहेत, असं विचारल्यावर तिने कोट चढवला. तशीच तलासला परत गेली. आता येणार नाही. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
मी विचारलं, रस्ता नीट सापडला ना?
म्हणाली, एकदाही चुकले नाही. आणि फोन ठेवला.
आज संध्याकाळी सहाला सभा आहे. आत्ता साडेनऊ वाजलेत आणि मी प्यायलोय.