मी गेले की आपण हरतो

रविवार, २९ जानेवारी १९८४

हरलो! दोन-शून्य!

पहिला गोल जाऊ दे, तो कुणालाच अडवता आला नसता. पण दुसरा? बॉल बैलगाडीच्या चालीनं आला आणि किसन खांबासारखा उभा! माझा सख्खा धाकटा भाऊ, पंचशील मंडळाचा गोलकीपर, अख्ख्या पावणे गावात ज्याच्या हातांचं नाव — आणि असला गोल खातो? शेजारच्या चांगुणाबाईनं पदर खोचून अडवला असता.

सायकलवर डबलसीट मला घेऊन गेला तोच, आणलंही त्यानंच. जाताना शीळ घालत होता. येताना चकार शब्द नाही. मी मागं कॅरियरवर, एका हातात कुबडी आडवी धरलेली, दुसऱ्या हातात त्याचा शर्ट. म्हटलं, "पायाकडं बघायचं विसरलास." त्यानं पायडल जोरात मारलं.

तरी माझं मन भरलं नाही. खाजणातलं आमचं मैदान सुकून टणक झालंय, वर मिठाचा पापुद्रा. कुबडी टेकली की कर्र वाजतं. लाइनीला लागून स्टुलावर बसले होते. बॉल जवळून गेला की वारा लागतो तोंडावर. घामाचा, धुळीचा, चामड्याचा वास. आठवडाभर इंजेक्शनच्या कुप्या खोक्यात भरताना मी हेच आठवत बसते. पुढचा रविवार कधी येतोय असं झालंय. हरले तरी.

सोमवार, ३० जानेवारी

पायाच्या लोखंडी कॅलिपरनं मांडी सोललीय. काल बसल्या जागी फार उड्या मारल्या. पॅकिंगला माझ्या शेजारी जैनब बसते, ती म्हणाली, "तू बगायला जातेस का खेळायला?"

काय सांगू तिला! खेळलेय की मी. परभणीहून दुष्काळात आलो, अण्णा, म्हणजे वडील, केमिकल कंपनीत लागले, आई बिगारीवर, आणि आम्ही दोघं दिवसभर खोलीसमोर. दोन विटा ठेवायच्या, मधे मी फतकल मारून. किसन मारायचा, मी अडवायची. पोलिओनं पाय नेला, हात थोडेच नेले? "डोळ्यांकडं बघू नको, पायाकडं बघ" — हे मीच शिकवलंय त्याला. पंचशील मंडळाचा पहिला गोलकीपर मी! मंडळाला माहीत नाही, ते सोडा.

गुरुवार, २ फेब्रुवारी

संध्याकाळी मारोती आला. आमच्या टीमचा कॅप्टन, अण्णांच्याच कंपनीत फिटर. चहा बशीत ओतला आणि फुंकत बसला. माझ्याकडं बघेना. मला वाटलं बॉल उसवला असेल. टीमचा बॉल उसवला की दाभण-दोरा घेऊन मीच शिवते. तर म्हणतो, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पोरं बोलायला लागलीत. तुमी आलात त्या दोन मॅच गेल्या. नव्हता आलात त्या दोन मारल्या. आता सेमीफायनल हाय. तर... नका येऊ."

"पनवती म्हणा ना सरळ," मी म्हटलं.

"तसं नव्हं ताई..." म्हणाला आणि बशी तोंडाला लावली.

आणि हे कुठं बसून? बाबासाहेबांच्या फोटोखाली! बावीस प्रतिज्ञा गेल्या जयंतीला याच माणसानं माइकवर म्हटल्या, घसा फोडून. देव सोडले, उपास सोडले, मुहूर्त सोडले, आणि जयमाला मैदानावर आली की गोल होतात, हे मात्र धरलं! नाचता येईना अंगण वाकडं. यांना बॉल अडेना, ताईचा पाय वाकडा.

आई स्टोव्हपासून उठून आली. "कामून रे मारोती? माझ्या लेकरानं तुझं काय घोडं मारलं?" तो चपला अडकवून चालता झाला.

किसन दाराशी उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं. वाटलं, आता हा बोलेल. भाऊ आहे, बोलेलच.

"नको येऊस, ताई," म्हणाला. बस. एवढंच.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

गावाकडं बायांना पांढऱ्या पायाची म्हणतात. माझा एकच पाय कामाचा — तोही पांढरा निघाला!

रविवार, १२ फेब्रुवारी

सेमीफायनल, आपल्याच खाजणावर. चारला. किसन साडेतीनला सायकल काढून एकटा गेला. मी दारात उभी होते. वाटलं, वळून बघेल. नाही बघितलं.

घरामागं पत्र्याला पाठ लावून बसले. मैदान दिसत नाही, मधे कंपनीची भिंत. पण ऐकू येतं. "ओऽऽ" लांबला म्हणजे बॉल बाहेर गेला. एकदम फुटला म्हणजे गोल. पण कुणाचा? ते कसं कळणार! आई म्हणाली, "आत ये माय, ऊन लागंल." मी तिच्यावरच खेकसले. तिचा काय दोष?

आता लिहिते ते कुणाला सांगायचं नाही. मी मनात म्हणत होते — हरा. एकदा माझ्याशिवाय हरा. मग बघते पनवती कोण ते! सख्खा भाऊ गोलात उभा आणि बहीण घरी बसून त्याच्या हरण्याची वाट बघतेय. शरम वाटली. लगेच म्हटलं, नको नको, जिंका रे बाबांनो, कामगार ढाल एकदा तरी आपल्या मंडळात येऊ दे. मग परत — हरा! असं दीड तास. जीव मेटाकुटीला आला नुसता.

जिंकले. एक-शून्य. ढोल वाजवत गल्लीत आले. आईनं किसनची दृष्ट काढली. मी रडले, आणि कशासाठी ते मलाच कळलं नाही.

सोमवार, १३ फेब्रुवारी

म्हणजे आता शिक्कामोर्तब झालं.

रविवार, १९ फेब्रुवारी

सरावाचा बॉल शिवायला आला. मारोती स्वतः नाही आला, किसनच्याच हाती पाठवला. पनवतीच्या हातचे टाके चालतात वाटतं!

तीन ठिकाणी उसवला होता. दोऱ्याला मेण लावलं, मांडीवर घेऊन बसले. कोपऱ्यातला टाका फार घट्ट घेतला तर बॉल वाकडा उडतो, सैल राहिला तर पहिल्या लाथेला तुटतो. मला हातालाच कळतं. शिवून झाला, हवा भरली, तरी तसाच पोटाशी धरून बसले. हा जाणार उद्या मैदानावर. हा धूळ खाणार, लाथा खाणार. माझ्या नशिबी तेवढंही नाही.

आईनं बघितलं. माझ्या पुढ्यात भाजलेले शेंगदाणे ठेवून गेली.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

जैनबला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. चिडली! मग जरा वेळानं म्हणाली, "फायनल वाशीला हाय ना? त्या मैदानासमोर माजी खाला राहते, सिडकोच्या बिल्डिंगीत. दुसरा माळा. गॅलरीतनं सगळं दिसतं. चल तू रविवारी, कुनाच्या बापाला कळनार नाय."

जाऊ? आणि मी तिथं बसलेली असताना हरले तर? कुणाला कळणार नाही, पण मला तर कळेल. म्हणजे काय, माझाही विश्वास बसला की काय यावर! अगं जयमाले, दहावी पास ना तू?

शनिवार, २५ फेब्रुवारी

नाही जात.

रविवार, २६ फेब्रुवारी

गेले!

आईला म्हटलं, जैनबकडं जाते. बसनं वाशी, मग बत्तीस पायऱ्या कठड्याला धरून. खैरुन्निसा खालानं गॅलरीत खुर्ची टाकून ठेवली होती, पुढ्यात ताटभर सांदणं. "आपले कोन गो? लाल का निले?"

"निळे, खाला."

अर्धंच मैदान दिसत होतं. अर्धं पाहुण्यांच्या मांडवानं खाल्लं. पहिल्या हाफला किसन मांडवापलीकडं. निळे शर्ट मधेच यायचे नि मधेच गायब. लाथ आधी दिसायची, आवाज मागनं यायचा. वास नाही, धूळ नाही. आणि ओरडता येत नाही! कुणी वर बघितलं तर? आपला गोल झाला तेव्हा पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या हाफला किसन माझ्या बाजूच्या गोलात आला. किती दिवसांनी बघितला मी त्याला खेळताना! गुडघ्याला तेच फडकं बांधलेलं, आईच्या जुन्या लुगड्याचं. बघतच राहिले. शेवटची पाच मिनिटं राहिली आणि — पेनल्टी! त्यांना!

वाटलं, मीच आणली ही. अजून वेळ आहे, उठावं, आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसावं. उठलेही. कुबडी काखेत घेतली. जैनब म्हणाली, "कुटं चाललीस?"

मग म्हटलं, नाही. काय व्हायचं ते होऊ दे. बघणार.

तो लाल शर्टवाला धावत आला. किसनची मान खाली, नजर त्याच्या पायावर. मला वरनं दिसलं ते! डावीकडं पडला. अडवला!

जिंकलो! मी असताना जिंकलो!

जैनबनं मिठी मारली, खालानं सांदण माझ्या तोंडात कोंबलं. खाली त्यांनी किसनला खांद्यावर घेतलं, निळा गुलाल उधळला, ढाल डोक्यावर नाचवली. मग सगळे टेम्पोत चढले आणि हॉर्न वाजवत निघून गेले. मी बत्तीस पायऱ्या उतरेपर्यंत मैदानावर चिटपाखरू नव्हतं. मांडववाले खुर्च्या गोळा करत होते. तरी लाइनीपर्यंत चालत गेले. जरा वेळ उभी राहिले. आपली टीम जिंकली, आणि मिठी मारायला आपलं कुणी नाही. आतून पार तुटले मी.

सोमवार, २७ फेब्रुवारी

मारोती पेढे घेऊन आला. "ताई, तुमी ऐकलंत म्हणून झालं बगा. तुमचा मोठा त्याग हाय यात."

त्याग! पेढा हातात तसाच धरला. तोंडावर फेकून मारावं वाटलं, सांगून टाकावं वाटलं. किसन कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. एवढा जिंकून आला, पण चेहरा सुतकी. त्याच्याकडं बघून गप्प बसले.

बुधवार, २९ फेब्रुवारी

सांगितलं. सकाळी नळावर किसन एकटा होता. म्हटलं, "मी होते वाशीला. दुसऱ्या माळ्यावर. तू डावीकडं पडलास तेव्हा मी बघत होते. आता बोल, कोण पनवती?"

वाटलं होतं खजील होईल. तो हंड्याजवळ मटकन बसला आणि रडायलाच लागला. वीस वर्षांचा घोडा!

पनवती-बिनवती काही नव्हतंच. त्यानंच मारोतीला गळ घातली होती — काहीही कारण सांग, पण ताईला येऊ देऊ नको. मारोतीला दुसरं कारण सुचलं नाही. त्या बिचाऱ्यानं ते अंगावर घेतलं, आईचं बोलणं खाल्लं, आणि मग टीममधल्या पोरांनी तेच खरं धरलं.

"पण का?"

"गोलमागं माणसं उभी असतात, ताई. समोरच्या टीमची. तू लाइनीवरनं चालत आलीस की तुझी चाल करून दाखवतात. लंगडी लंगडी म्हणतात. आणखी घाण घाण बोलतात. मी त्यांच्याकडं पाठ करून उभा, सगळं ऐकू येतं मला. मग बॉलच दिसत नाही."

म्हणजे तो बैलगाडीच्या चालीचा गोल असा झाला. आणि मी घरी येईपर्यंत त्याला शिकवत होते!

तरी राग आला. म्हटलं, "मूर्खा, लंगडी मी तीन वर्षांची असल्यापासून ऐकतेय. शाळेत, नाक्यावर, कंपनीत. मला सवय आहे त्याची. पनवती मला कुणी म्हटलं नव्हतं. ते तुम्ही म्हटलंत. माझ्या घरात येऊन."

"तुला हे कसं सांगणार होतो मी?"

हंडा त्यानं उचलला, मी मागनं चालत आले.

रविवार, ४ मार्च

आपल्या खाजणावर साधी मॅच. सायकलवर डबलसीट गेले. लाइनीवर नाही, थेट गोलमागं, त्या माणसांच्या मधोमध स्टूल टाकलं. एक मिशीवाला सुरू झाला, "ए, लंगडी आली रे..."

म्हटलं, "आली. आणि पाठ करून उभा तो माझा भाऊ. आता बोला, दोघांनाही ऐकू येतंय."

मिशीवाला खांबाआड सरकला. मी मात्र घसा बसेपर्यंत ओरडले.

तीन-एक हरलो. येताना किसन म्हणाला, "पुढच्या रविवारी तुर्भ्याला आहे. तीनला निघू."