दिनेशच्या आवाजातली भरती

आगरदांडा, मंगळवार, संध्याकाळ

आज पहाटे मोठ्या हुशारीने साफसफाई केली. जेट्टीच्या वेळापत्रकासाठी माझ्या मित्राने, दिनेशने, क्लाउडवर ठेवलेली फंक्शन्स, म्हणजे छोटे प्रोग्राम, जुन्या कोड-लायब्ररीवर चालायची, ती नव्या लायब्ररीवर आणायची होती. हे सर्व्हरलेस प्रकरण सरकारी कचेरीसारखंच आहे. कोणी हाक मारली तर उठायचं, काम उरकायचं, परत झोपायचं. नोंदी पाहिल्या, तर एका फंक्शनला दिवसाला एकच हाक. एका हाकेसाठी कोण खपणार? उडवून टाकलं.

दुपारी दिनेशच्या आईचा फोन. "सुधीर, आज दिनेश बोलला न्हाय रे."

दिनेशला जाऊन दोन वर्षं झाली. "कसा बोलेल, काकी?"

"सकाळी फोनवर बटण दाबलं की सांगतो ना, भरती कवा, ओहोटी कवा. खडकावरची कालवं-शिंपल्या काढायला आता जात न्हाय मी. पण दाबते आपली."

दिवसाला एकच हाक. ती ही.

त्याच्या आवाजाच्या फायली त्या फंक्शनमध्येच होत्या, गेल्या. आणि मूळ फायली असलेला त्याचा लॅपटॉप? तो मीच पुसून त्याच्या भाचीला दिला, परोपकार म्हणून! जगाच्या निष्काळजीपणावर लेख पाडणारा मी. दिवसाला एकदा कोण हाक मारतंय, एवढं विचारायला काय झालं होतं?

"नेटवर्क गेलंय, काकी. उद्या बोलेल," म्हणालो. खोटं किती सहज येतं मला.

"बरं," काकी म्हणाल्या. "तवर फोन चार्जिंगला लावून ठेवते."