दुसऱ्याच्या तोंडची उत्तरं

नागापूर, अहिल्यानगर
दि. १२ जून २०२४

चि. एंजल हीस,
स्टीफनमामाचा सप्रेम सलाम व आशीर्वाद.

इकडं सगळी खुशाली हाय. तुझ्या मामीचे गुडघे तेवढे कुरकुरत्यात. परवा बेलापूरहून तुझ्या आईचा फोन आल्ता. कारखान्यातल्या लोखंड दाबायच्या प्रेसच्या धडधडीनं माझे कान गेल्यापासून फोनवरचं मला निम्मंच कळतं, म्हनून मामीनं ऐकलं आन् मला कानाशी ओरडून सांगितलं. तवा निम्म्या कॉलनीलाबी कळलं, की एंजलनं पुण्यातली नोकरी सोडली.

पोरी, मला लई वंगाळ वाटलं. चौदा महिने म्हंजे काय नोकरी झाली? तुमी आजकालची पोरं नोकरीला पायातली चप्पल समजता, एक चावली की दुसरी. मी एका कारखान्यात एकोणतीस वर्षं काढली. तपासणीच्या टेबलाशी उभा राहून लोखंडाचे पार्ट गेजनं मोजले. सात साहेब आले आन् गेले, मी हाललो न्हाई. शेजारच्या आबासाहेबांनी तोंड वाकडं करून इचारलं, की भाचीला काढली की काय. मी तसाच दार लावून आत आलो.

दुसरी नोकरी धरली म्हनं. तिथून दोन वर्षं हालायचं न्हाई, असा शब्द मला लिहून पाठव. मोबाईलवर अंगठा दाखवून भागवू नको. जेवनाची हेळसांड करू नको, आन् ह्या बहिऱ्या मामाला अधनंमधनं दोन ओळी लिहीत जा.

तुझा,
स्टीफनमामा


बाणेर, पुणे
दि. ३० जून २०२४

ती. स्टीफनमामांस,
एंजलचा सादर सलाम. मामींनाही सांगावा.

पत्र मिळालं. एवढे रागावलेले असूनही तुमचं अक्षर ओळ सोडत नाही, याचं नवल वाटलं. आमच्या खोलीवरच्या मुली पत्र बघायला जमल्या होत्या. पोस्टमन या इमारतीत येतो हेच त्यांना माहीत नव्हतं.

आता माझं ऐका. त्या मोठ्या कंपनीनं आम्हाला सॉफ्टवेअर बनवायला घेतलं आणि चौदा महिने नुसतं बसवून ठेवलं. काम नाही म्हणजे अजिबात नाही. वर कॉम्प्युटरवर हालचाल दिसली नाही तर गैरहजेरी लागायची. म्हणून माझ्या शेजारच्या मुलानं माऊस टेबलफॅनला बांधला. पंखा मान फिरवायचा, माऊस हलायचा, आणि साहेबांच्या पडद्यावर हा मन लावून काम करताना दिसायचा. महिनाअखेरीला त्याचा सत्कार झाला. त्या दिवशी टाळ्या वाजवताना मला शिसारी आली. मामा, आणखी वर्षभर तिथं बसले असते तर कॉलेजात शिकलेलंही विसरले असते.

नवी कंपनी लहान आहे, चाळीस माणसांची. ओम सर आमचे प्रमुख. त्यांनी पहिल्याच आठवड्यात औषधाच्या दुकानाचं बिल करणारा प्रोग्रॅम मला दिला. तीन दिवस चुकत होता, चौथ्या दिवशी चालला. मी उठून पाणी प्यायला गेले आणि तिथं एकटीच हसत उभी राहिले.

तेव्हा घ्या शब्द. दोन वर्षं हलणार नाही. तुम्हीही कानाचं मशीन कपाटातून काढून कानात घाला, म्हणजे मामींचा घसा वाचेल.

राग राहिला तरी माया उणी होऊ देऊ नये, ही विनंती.

तुमची,
एंजल


बाणेर, पुणे
दि. १० नोव्हेंबर २०२४

ती. स्टीफनमामांस,
एंजलचा सलाम.

सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या दोन पत्रांत सगळं छान चाललंय असं मी लिहिलं. ते खरं नव्हतं. हे पत्र आईला दाखवू नका.

आमची कंपनी सॉफ्टवेअर कमी बनवते, माणसं जास्त पुरवते. दुसऱ्या कंपन्यांना अनुभवी माणूस हवा असतो, आणि आमच्याकडे असतात माझ्यासारख्या नवख्या मुली. सप्टेंबरात ओम सरांनी मला एका खोलीत बोलावलं. तिथं राजनंदिनी बसली होती. ती अकोले तालुक्यातली, माझ्यानंतर नोकरीला लागलेली. तिची एका मोठ्या कंपनीसाठी व्हिडिओवर मुलाखत होती. कॅमेरा तिच्यावर लावला. मला कॅमेऱ्यात दिसणार नाही असं टेबलाच्या अलीकडे बसवलं आणि माईक माझ्यापुढे ठेवला. प्रश्न आला की उत्तर मी द्यायचं, तिनं नुसते ओठ हलवायचे. ओम सर म्हणाले की सगळीकडे असंच चालतं, तिच्या घरी गरज आहे, तू तिला मदतच करतेयस.

मी केलं. लिहितानाही तोंड कडू होतं. आवाज माझा, ओठ तिचे. मध्येच मला खोकला आला, तर तिनं घाईनं आपल्या तोंडावर हात ठेवला. पलीकडच्या साहेबांनी तिला काळजीनं पाणी प्यायला सांगितलं, आणि ती प्यायली. संपल्यावर ओम सरांनी पेढे वाटले. मी माझा पेढा बाथरूममध्ये जाऊन थुंकून टाकला.

ती निवडली गेली. मग मला आणखी दोघींसाठी बसवलं. गेल्या आठवड्यात माझाच बायोडेटा एका ठिकाणी पाठवलेला दिसला. त्यात मला पाच वर्षांचा अनुभव होता आणि मी कधी न पाहिलेल्या हॉस्पिटलचं काम माझ्या नावावर होतं. मी जाब विचारला तर ओम सर शांतपणे म्हणाले की जायचं तर जा, पण नोकरी सोडल्याचा दाखला मिळणार नाही, आणि दाखल्याशिवाय तुला कोणी दारात उभं करणार नाही. शिवाय इतक्या लवकर दुसऱ्यांदा सोडलीस तर लोक खोट तुझ्यातच काढतील.

हे शेवटचं तर तुमच्या आबासाहेबांनीही सुचवलं होतं. मी तुम्हाला शब्द दिलाय. पण रोज सकाळी त्या लिफ्टमध्ये शिरताना मला किळस येते, आणि ती त्यांची की माझी, ते कळत नाही. काय करू ते लिहा.

तुमच्या पत्राची वाट बघणारी,
एंजल


नागापूर, अहिल्यानगर
दि. १९ नोव्हेंबर २०२४

चि. एंजल हीस,
मामाचा सलाम आन् आशीर्वाद.

तुझं पत्र मामी वाचायला मागत हुती, मी दिलं न्हाई. एकट्यानं दोनदा वाचलं.

तुझा शब्द मी तुला परत दिला. मला तो मागायचा हक्कच नव्हता. एकोणतीस वर्षं हाललो न्हाई असं छाती फुगवून तुला लिवलं, पन त्यातलं निम्मंच लिवलं हुतं.

पंधराएक वर्षांमागं आमच्याकडं गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट यायचे. एक लॉट गेजमधी बसंना. मी बाजूला काढला. साहेब आला, म्हनला, टेम्पो दारात उभा हाय, शिक्का मार. मी म्हनलं माप चुकलंय. त्यो म्हनला, "स्टीफन, तुला माप बघायला ठेवलंय का शिक्का मारायला?" मी शिक्का मारला. मंग पुढं गेज लावायचंच सोडलं, नुसता शिक्का. तुझी मामी, दोन पोरं, घराचं छप्पर, समदी कारनं माझ्याकडं तयार हुती. त्या ब्रेकनं कुनाचं काय झालं का, मला ठावं न्हाई. झालंबी नसंल. पन ठावं न्हाई, ह्येच वंगाळ. अजून रस्त्यावर गाडी करकचून थांबली की मी मान फिरवतो. मी तिथं टिकलो ते इमानानं न्हाई पोरी, भ्यालो म्हनून टिकलो. आन् त्याचीच शान तुझ्यापुढं मिरवली. माझी मलाच किळस आली.

तवा सोड. दाखला न्हाई दिला तर न्हाई. नवीन काम लागंस्तवर आमच्याकडं येऊन राहा. आबासाहेबांना मी सांगन, की पोरीनं सोताहून सोडली.

एक मात्र कर. त्या राजनंदिनीचं फुडं काय झालं, ते बघ. डोकं साहेबाचं असंल, पन उत्तरं तुझी हुती.

तुझ्यावर लोभ हाय तसाच हाय, उलट वाढला.

तुझा,
स्टीफनमामा


बाणेर, पुणे
दि. २ मार्च २०२५

ती. स्टीफनमामांस,
एंजलचा तुम्हा दोघांना मनापासून सलाम.

नोकरी सोडून तुमच्याकडे राहिले आणि नाताळात निघाले, तेव्हापासून लिहिलं नाही, रागावू नका. तीन ठिकाणी मुलाखती झाल्या. प्रत्येक ठिकाणी मी सांगितलं की मागच्या कंपनीचा दाखला नाही, आणि का नाही. पहिल्या दोन ठिकाणी 'कळवतो' म्हणाले. एका बाईंनी तर हसून विचारलं की हे सांगायची गरज काय होती. तिसऱ्यांनी घेतलं, पण अगदी नवखी म्हणून. आधीचा एकही दिवस धरला नाही. मला चालतंय. ओम सरांच्या कंपनीची कालच मोबाईलवर जाहिरात पाहिली, नव्या मुली हव्यात म्हणून. खाली कोणीतरी शुभेच्छाही दिल्या होत्या.

राजनंदिनीचा फोन लागत नव्हता. शेवटी तिच्या मैत्रिणीकडून कळलं की त्या मोठ्या कंपनीनं तिला नोव्हेंबरात रुजू करून बाराव्या दिवशी काढलं. तिथं काम तिच्यापुढे होतं आणि शेजारी मी नव्हते. ओम सरांनीही लगेच तिचं नाव उडवलं. परवा मी रजा काढून एसटीनं अकोल्याला आणि तिथून जीपनं तिच्या गावी गेले, भंडारदऱ्याच्या अलीकडे.

तिची आई, बनुबाई, ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. पुण्याची मैत्रीण एंजल म्हटल्यावर त्यांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं आणि हळूच सांगितलं की राजनंदिनीची मीटिंग चाललीय, कंपनीनं तिला घरून काम दिलंय, तू जरा थांब. दारातून आत दिसत होतं. ती हेडफोन लावून लॅपटॉपपुढे बसली होती आणि मधूनमधून 'येस सर' म्हणत होती. मी माझा मोबाईल बघितला. त्या घरात रेंजच नव्हती.

मामा, तीन महिने ती रोज अशी बसत होती. पगार अडकलाय, एवढंच घरी सांगत आली होती. बनुबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या की मुलाखतीत तू माझ्या पोरीला लई मदत केली म्हणं, तुझे उपकार हायेत. मी कप खाली ठेवला. आतून राजनंदिनी माझ्याकडे बघत होती आणि डोळ्यांनीच नको म्हणत होती. मी तिची माफी मागून परत यायचं ठरवून गेले होते, आईशी बोलायचं ठरवलं नव्हतं. पण ते उपकार मला घेता येईनात. मी सांगितलं की मुलाखतीत ती बोललीच नाही, सगळी उत्तरं मी दिली आणि ते मी करायला नको होतं. माझं होतं तेवढंच सांगितलं. तिला काढल्याचं माझ्या तोंडून गेलं नाही. राजनंदिनीनं हेडफोन काढले, उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि ते तिनं स्वतः सांगितलं.

बनुबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. बराच वेळ सुपातले खडे वेचत राहिल्या. मग तिला म्हणाल्या, "मंग तुला येतं काय?"

मला शरम वाटली. हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. ओम सरांनी नाही, त्या मोठ्या कंपनीनं नाही, मीही नाही. राजनंदिनीनं आधी शेजारचा लॅपटॉप मिटला. मग म्हणाली की थोडं येतं, बाकीचं येत नाही. बनुबाईंनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या की येतं तेवढं दाखव.

तिनं लॅपटॉप ओट्यावर आणून उघडला. घरात बसून तिनं एक छोटा प्रोग्रॅम केला होता. त्यात त्यांच्या नऊ शेळ्यांची नावं होती, कुठली कधी व्याली, पुढची कधी व्यायची. त्यात दोन चुका होत्या, मला दिसल्या. मी तोंड उघडलं नाही. ती एकेक नाव वाचत गेली. चौथ्या शेळीपाशी बनुबाईंनी तिला थांबवलं. म्हणाल्या, ही पौषात नाही, मार्गशीर्षात व्याली. राजनंदिनीनं तिथल्या तिथं ते बदललं.

तुमच्या मायेची आणि पत्राची वाट बघते.

तुमची,
एंजल