सात पूर्ण, आठवं चालू

कॅलगरी,
रविवार, ५ नोव्हेंबर २०१७

ती. सौ. सुरेखावन्संना सुनेत्राचा नमस्कार.

तुमचं जुलैमधलं पत्र समोर ठेवून नोव्हेंबरात उत्तर लिहिते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. मधल्या काळात आपण फोनवर बोललो हे खरं, पण फोनला मी उत्तर धरत नाही. फोनवर तुम्ही बोलता, मी ‘हो वन्सं’ म्हणते, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की मी कशाला तरी कबूल होऊन बसले. कागदावर निदान माझं वाक्य मला पुरं करता येतं. तुमची पाठ कशी आहे? तुमच्याकडे कनाटाला बर्फ पडलाच तर तुम्ही फावडं घेऊन शोव्हल करायला जाऊ नका, भावोजींना करू दे. तुमच्या वडिलांची, म्हणजे आपल्या भाऊसाहेबांची, तब्येत उत्तम आहे. शुगर ताब्यात आहे. (दिवाळीचा आठवडा सोडून. तो धरायचा की नाही हे मला ठरवता आलं नाही, म्हणून वेगळा लिहिला.) संजय आणि मी ठीक.

आता इतके दिवस न लिहिण्याचं कारण. वन्सं, मी मेंढ्यांची वयं मोजते आहे. हसू नका. इथून तासाभरावर डोंगर सुरू होतात आणि तिथे ते बिगहॉर्न मेंढे असतात, गोल वळलेल्या भल्यामोठ्या शिंगांचे. गेल्या वसंतात आमच्या कम्युनिटी सेंटरमध्ये ॲलिसन नावाच्या बाईंचं व्याख्यान होतं. आयुष्यभर याच मेंढ्यांचा अभ्यास करून त्या आता निवृत्त झाल्या आहेत आणि निवृत्त झाल्यामुळे दुप्पट काम करतात. त्यांनी सांगितलं की उन्हाळ्यात चारा असतो तेव्हा शिंग वाढतं, हिवाळ्यात वाढ थांबते, आणि त्या थांबण्याची एक खोल खाच कड्यासारखी शिंगाभोवती राहून जाते. एक हिवाळा, एक कडं. दुर्बिणीतून कडी मोजायची की मेंढ्याचं वय कळलं. ऐकताना हे इतकं सरळ वाटलं की मोजणीच्या स्वयंसेवकांत मी नाव देऊन मोकळी झाले. (सरळ वाटणाऱ्या गोष्टींना मी नेहमीच नाव देते. झुंबाच्या वर्गाचं तुम्हाला आठवत असेल.)

नियम असा की जोडीनेच जायचं. संजय म्हणाला, “शनिवारी मी झोपतो.” मग भाऊसाहेब निघाले. जन्मभर वीजकेंद्रात काट्यांवर नजर ठेवलेला माणूस, त्यांना काहीतरी मोजायला मिळाल्याचा इतका आनंद झाला की पहिल्या दिवशी ते टाय लावून गाडीत बसले. तुम्ही काळजी कराल म्हणून लिहिते, त्यांना मी डोंगर चढायला लावत नाही. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून आत बसूनच आम्ही बघतो, हीटर लावून. (खरं लिहायचं तर हीटर लावला की काच धुरकट होते, म्हणून तो बंद ठेवतो. पण ब्लँकेट दोन असतात.) आम्हाला एक खोरं नेमून दिलं आहे आणि ॲलिसन त्याला ‘सुनेत्राची व्हॅली’ म्हणतात. वीस वर्षं मी या देशात आहे, वन्सं, पण माझ्या नावाचं इथे काही असेल असं मला वाटलं नव्हतं. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मोठी मोजणी असते, कारण तेव्हा माद्यांसाठी सगळे मेंढे खाली उतरतात आणि एकमेकांवर डोकी आपटत बसतात. त्या मोजणीला आमचं खोरं आमच्याकडे राहणार की दुसऱ्या जोडीला जाणार, हाच घोर मला महिनाभर लागला होता. ती हकिगत सांगते.

कडी मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. तरुण मेंढा असला तर ठीक. वय वाढलं की बुंध्याकडची कडी दाटीवाटीने येतात, आणि पहिलं कडं असतं अगदी टोकाला, तर टोक हमखास तुटलेलं किंवा घासून बोथट झालेलं. म्हणजे ज्याचं बालपणच शाबूत नाही त्याचं वय सांगायचं. शिवाय काही सुरकुत्या कड्याचं सोंग आणतात, त्या शिंगाच्या मागच्या बाजूपर्यंत जातात का ते पाहावं लागतं, आणि मेंढा तेवढ्यापुरता वळून बसतो. इतरांच्या कागदांवर वयाचा आकडा असतो आणि शेऱ्याची जागा रिकामी. माझ्या कागदावर शेरे मागच्या पानापर्यंत जातात. ‘वय नऊ. मात्र हा मेंढा सारखा डावीकडे बघत होता, त्यामुळे त्याच्या दुसऱ्या शिंगाबद्दल मी जबाबदारी घेऊ शकत नाही.’ ॲलिसननी एकदा प्रेमाने सुचवलं की एवढं लिहिलं नाही तरी चालेल. मी त्याचाही शेरा लिहून ठेवला.

पण आमची एक गोष्ट फार नावाजली गेली. नियमाप्रमाणे दोघांनी एकमेकांशी न बोलता आपापल्या चिठ्ठीवर वय लिहायचं आणि मग ताडून बघायचं. शेजारच्या खोऱ्यात एक नवरा-बायको आहेत, त्यांचं कधीच जुळत नाही आणि मग ती दोघं घरी पोचेपर्यंत बोलत नाहीत. आमचं मात्र दर वेळी जुळायचं. मी आठ, भाऊसाहेब आठ. मी सहा, भाऊसाहेब सहा. मला स्वतःवर विश्वास ठेवायला एरवी किती जड जातं हे तुम्ही जाणता (मी कुलूप लावल्यावर परत ओढून बघते आणि मग ओढण्याने ते उघडलं तर नसेल ना, म्हणून पुन्हा बघते), पण दोन माणसं एकमेकांना न विचारता एकच उत्तर देतात म्हटल्यावर मीसुद्धा निर्धास्त झाले. भाऊसाहेब तर म्हणायला लागले, “सुनेत्रा, आपल्या दोघांना सरकारने पगार द्यायला हवा.”

ऑक्टोबरमध्ये ॲलिसनचा फोन आला. फोन अगदी इथल्या रीतीचा होता, म्हणजे आधी त्यांनी माझी माफी मागितली आणि मग माझी चूक सांगितली. म्हणाल्या, शेजारच्या खोऱ्यात जो मेंढा सहा वर्षांचा असतो तो टेकडी ओलांडून तुमच्याकडे आला की सातचा होतो, आणि परत गेला की पुन्हा सहाचा. तुमच्याकडच्या गवतात काही आहे का? मी हसले, कारण त्या हसल्या. मग त्यांनी नारिंगी बिल्लेवाल्याचं सांगितलं. त्या मेंढ्याला कोकरू असताना त्यांनी स्वतः पकडून कानात बिल्ला लावला होता, म्हणजे त्याचा जन्मदाखलाच त्यांच्याकडे. तो सात वर्षांचा आणि आम्ही दोघांनीही लिहिलेलं आठ. तेव्हा त्या आमच्याबरोबर एकदा येणार, आमची पद्धत बघणार, आणि नाहीच जमलं तर मोजणीच्या दिवशी आम्ही रस्त्यावर गाड्या थांबवायचं काम करायचं. खोरं दुसऱ्या जोडीला. फोन ठेवून मी शिंगांची सगळी चित्रं पुन्हा काढून बसले. भाऊसाहेब म्हणाले, “बाईंचा चष्मा बदलायला झालाय.”

ठरलेल्या शनिवारी आम्ही तिघं निघालो. पाहुण्या बाईंना पुढे बसू द्या म्हटलं तर भाऊसाहेब म्हणाले, “मोजणारा पुढे बसतो,” आणि ॲलिसन मागे बसल्या. आदल्या रात्री रस्त्यावर मीठ टाकलं होतं. ते गाडीला लागतं, आणि मेंढ्यांना मीठ म्हणजे जीव की प्राण. गाडी थांबली न थांबली तोच एक भलामोठा मेंढा उतारावरून खाली आला आणि भाऊसाहेबांच्या बाजूचं दार चाटायला लागला. कानात नारिंगी बिल्ला! दुर्बीण लावावी तर तीत नुसती तपकिरी भिंत दिसत होती. शिंग काचेला टेकलं होतं, वन्सं, त्यावरची धूळसुद्धा मोजता आली असती. आम्ही नियमाप्रमाणे तीन चिठ्ठ्या लिहिल्या. मी आठ, भाऊसाहेब आठ, ॲलिसन सात. दाराशी मेंढा, त्यामुळे कुणालाच बाहेर पडता येईना. जो काय वाद व्हायचा तो आतच होणार होता.

ॲलिसननी मागून हात लांब करून काचेवरूनच एकेक कडं दाखवलं. सात. भाऊसाहेब म्हणाले, “सेव्हन. करेक्ट.” मग शेवटच्या कड्यानंतरचा, अगदी डोक्यालगतचा गुळगुळीत भाग दाखवून म्हणाले, “अँड धिस?” त्या म्हणाल्या, ती या उन्हाळ्यातली वाढ. “एक्झॅक्टली! हिज एट्थ इज रनिंग.” पण तो अजून आठ वर्षांचा झाला नाही, असं त्या अगदी हळुवारपणे म्हणाल्या. भाऊसाहेब माझ्याकडे वळले. “हिला सांग, सातवं सरलं, आठवं लागलं. लागलेलं वर्ष काय वाऱ्यावर सोडायचं?” आणि मी म्हटलं, “तेच तर.” मला खरोखरच त्यात काही वावगं दिसेना.

मग ॲलिसननी भाऊसाहेबांना त्यांचं वय विचारलं. “सेव्हंटी-फाइव्ह.” जन्म कधीचा? मार्च त्रेचाळीस. त्यांनी मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, मग तुम्ही चौऱ्याहत्तरचे. भाऊसाहेबांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता, एवढ्या वर्षांची पेन्शन कुणीतरी परत मागितल्यासारखा. “सेव्हंटी-फोर इज फिनिश्ड, मॅडम. आय फिनिश्ड इट इन मार्च!” मग ॲलिसननी मला विचारलं. मी ‘फॉर्टी-सिक्स’ म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. फेब्रुवारीत मला पंचेचाळीस पूर्ण झाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे वय विचारलं की सरलेलं कोण सांगतं? लागलेलंच सांगतात. ‘पूर्ण की चालू?’ हा प्रश्न आपल्यात माणूस बारशापासून ऐकतो. आम्ही सासरा-सून प्रत्येक मेंढ्याला तेच लावत होतो, आणि एकाच घरातल्या दोघांची एकच चूक जुळली की मी त्याला पुरावा समजत होते. मी हे समजावून सांगितल्यावर ॲलिसन इतक्या मोठ्याने हसल्या की मेंढा दचकला, आणि जाता जाता त्याने बाजूचा आरसा शिंगाने उडवला. (आरसा आता चिकटपट्टीवर आहे. ‘मेंढ्याने’ असं मी संजयला सांगितलं. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघून ‘बरं’ म्हटलं.)

ॲलिसन म्हणाल्या, मग सोपं आहे, तुमच्या सगळ्या आकड्यांतून एक वजा करू. इथे दुसरी एखादी हुश्श करून गप्प बसली असती. पण मला आठवलं की काही मेंढ्यांच्या बाबतीत मनात शंका आल्यावर मी आपणहून एक वर्ष कमी लिहिलं होतं, आणि चिठ्ठ्या ताडून झाल्यावर भाऊसाहेबांनाही तसं करायला लावलं होतं. म्हणजे ते चुकून बरोबर होते आणि आता वजा केलं तर चुकतील. असे मेंढे कोणते? ते मला सांगता येईना. हे सगळं मी ॲलिसनना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, “सुनेत्रा, आय विश यू हॅडन्ट टोल्ड मी.”

शेवटी निकाल असा झाला की आमचं यंदाचं काम त्या टाकून देणार नाहीत, बाजूला ठेवतील. मोठ्या मोजणीला सगळे मेंढे खाली येतील तेव्हा आम्ही दोघांनी एकेकाला पुन्हा बघायचं आणि फक्त सरलेली वर्षं लिहायची. जुळलं तर यंदाच्या नोंदी सुधारता येतील आणि खोरं आमचं. नाही तर हातात झेंडी घेऊन रस्त्यावर. अट एकच. जोडी तीच हवी, कारण जुन्या चिठ्ठ्या त्या दोघांच्याच आहेत. भाऊसाहेब सरावाला लागले आहेत. परवा शेजाऱ्यांना त्यांनी न विचारता सांगितलं की आपण चौऱ्याहत्तरचे, आणि दिवसभर खुशीत होते.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार सांगा. पाठीला शेक देत जा.

तुमची,
सुनेत्रा

ता. क. पत्र वाचून संजय म्हणाला की एवढी पानं झाली पण यात मुद्दा कुठे आहे. मुद्दा असा की भाऊसाहेबांचं तुमच्याकडे यायचं तिकीट वीस तारखेचं आहे आणि मोजणी पंचवीसला. हिवाळा तुमच्या वाटणीचा, हे मला मान्य आहे. तुम्ही बेसमेंटमध्ये नवा गालिचा घातलात हेही ऐकलं. तरी ते दोन आठवडे उशिरा आले तर चालेल का? तुम्ही नाही म्हणालात तर मी एक शब्द न बोलता त्यांना विमानात बसवीन.

ता. क. २. वरचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. ते खरं नाही. मी पुष्कळ बोलेन, पण संजयला बोलेन.

ता. क. ३. कुणाला लिहितेस म्हणून भाऊसाहेबांनी आत्ता विचारलं. सांगितलं. तर म्हणाले, “सुरेखाला विचारू नकोस. लहानपणापासून तिला विचारलं की ती नाहीच म्हणते. तिला कळव.” मी म्हटलं, हे बरोबर नाही, मोठ्या नणंदेला विचारायलाच हवं. त्यावर ते म्हणाले, “विचार की. पत्र पोचायला आठवडा लागतो.” आणि लोकरी मोजे शोधायला गेले.

ता. क. ४. खालची ओळ रोज डायरीत लिहायची सवय आहे, ती चुकून इथे उतरली. खोडली तर मी काहीतरी लपवलं असं होईल, म्हणून राहू देते.

उद्याचं काम: भाऊसाहेबांचं तिकीट डिसेंबरवर ढकलणे.