हिरडीवरची पुळी

गुरुवार, संध्याकाळ. जे. पी. नगर, दवाखान्यातच.

शंकरअण्णांच्या हिरडीवरची पुळी गेली. गेलीच. तीनदा बोट फिरवून पाहिलं.

दोन महिने त्या पुळीतून पू येत होता. दाढेच्या मुळातली नळी मी दोनदा साफ केली, औषध भरलं, तरी आठवड्यात पुळी पुन्हा हजर. अप्पांचं एकच म्हणणं, "दाढ काढ आणि मोकळी हो." याच दवाखान्यात जन्मभर त्यांनी दाढा काढल्या. लेसर म्हणजे त्यांच्या मते लेकीचं महागडं खेळणं.

पंधरा दिवसांपूर्वी लेसरची केसासारखी बारीक तार नळीत घालणार, तोच शंकरअण्णांनी माझा हात धरला. ते पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेसरनं पत्रे कापतात. "अक्का, आमचा लेसर पोलाद कापतो. हा स्वल्प कमी आहे ना?" कमी आहे म्हटलं खरं, पण यंत्रावरचा आकडा मीही पुन्हा एकदा तपासला.

आज त्यांनी त्याच दाढेनं शेंगदाणे चावून दाखवले.

लेसरनं झालं, की या वेळी मी नळी जास्त वेळ धुतली म्हणून? दोन्हीनं असेल. आतलं हाड भरायला अजून महिने लागतील, तेही ठाऊक आहे. पण पुळी नाही.

अप्पांनी स्वतः आरसा घालून बराच वेळ ती शोधली. शंकरअण्णा गेल्यावर चष्मा काढून पेशंटच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझी ती खालची डावी दाढ. काढायलाच हवी असं नाही ना?"